वाशीम: 'वास' नव्हे, वत्सांचं ठाणं

रिसोडकडच्या एका गुरुजींनी विचारलंय: 'वाशिम म्हणजे वास, मुक्कामाचं गाव' असं पोरं निबंधात लिहून आणतात, ते बरोबर का? आणि 'शि' ऱ्हस्व की दीर्घ?

'वास' साफ चूक. सत्काराच्या भाषणांत ही व्युत्पत्ती ऐकून कान किटले. गावाचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली वाशीमलाच सापडलेला, याच शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. मग वाद कशाचा?

खरी गंमत शब्द कसा झिजला त्यात आहे. मत्स्याचा मच्छ, मच्छाचा मासा. वत्सरूपाचं वासरू, रोज गोठ्यात हंबरतं तेच. तसंच वत्सचं वच्छ झालं, गुल्मचं गुम्म झालं, मधला 'ग' गळाला आणि उरलं वच्छोम, त्याचंच पुढं वाशीम. हे मी मनानं जुळवत नाही. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी' या प्राकृत नाटकात वैदर्भी रीतीला 'वच्छोमी' म्हटलंय! हजार वर्षांपूर्वी अख्ख्या विदर्भाची काव्यशैली आपल्या वाशीमच्या बोली नावानं ओळखली जायची. हे पोरांना कोणी सांगत नाही, 'वास' मात्र सांगतात.

आता 'गुल्म'. झुडूप हा अर्थ सगळ्यांना पाठ, वैद्यांना पोटातला गोळा आठवतो. पण गुल्म म्हणजे सैन्याची तुकडीसुद्धा: ९ हत्ती, ९ रथ, २७ घोडे, ४५ पायदळ. मनुस्मृती सांगते, दोन, तीन, पाच गावांच्या मधोमध रक्षणासाठी गुल्म बसवावा. म्हणजे चौकी, ठाणं. माझं ठाम मत, वत्सगुल्म म्हणजे वत्सांचं, वत्स नावाच्या लोकांचं ठाणं. राजधानीचा थाट नंतरचा. झुडपाच्या नावानं राजधानी ओळखली जाते, हे मला पटत नाही.

कामसूत्रावरची जयमंगला टीका, म्हणजे त्यावरचं जुनं भाष्य, म्हणते, वत्स आणि गुल्म हे दोघे सख्खे भाऊ, राजपुत्र, त्यांचा हा देश. टीकाकाराला नाव फोडता आलं नाही म्हणून त्यानं दोन भाऊ उभे केले, दुसरं काय! या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन. ताम्रपटातली वंशावळ वाचा, तिथं ना वत्स आहे, ना गुल्म. आणि कोणता बाप पोराचं नाव 'तुकडी' ठेवील? तरी ही कथा अजून पुस्तकापुस्तकांतून उतरवली जाते.

हां, ऱ्हस्व-दीर्घ. शुद्धलेखनाच्या नियमानं उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं अक्षर 'शी' दीर्घ, वाशीम. सरकारी कागदावर वाशिम चालतं.