एकच फुटपट्टी सगळ्या चित्रपटांना कशी चालेल?

गेल्या काही आठवड्यांत आलेली बहुतेक पत्रे २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या मराठी चित्रपटांविषयी आहेत आणि त्यांतला सूर बराचसा सारखा आहे : सगळ्यांना आवडलेला चित्रपट मला का आवडला नाही? मी समीक्षक नाही. तिकीट काढून, शक्यतो पहिल्याच आठवड्यात चित्रपट पाहणारा प्रेक्षक आहे आणि त्याच नात्याने ही उत्तरे देत आहे. कोणत्याही चित्रपटाचा शेवट येथे उघड केलेला नाही.

प्रश्न : ‘दशावतार’चा पूर्वार्ध पाहताना मला माझे वडील आठवले, कारण त्यांनी अनेक वर्षे कोकणातल्या एका दशावतारी लोकनाट्य मंडळात स्त्रीपार्ट केले. मध्यंतरानंतर मात्र तो सूडाचा चित्रपट झाला आणि दोन वेगळे चित्रपट जोडल्यासारखे वाटले. आपल्याला काय वाटते? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : आपल्या वडिलांचा उल्लेख वाचला आणि हे पत्र सर्वांत आधी उत्तरासाठी घेतले. सुबोध खानोलकर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी आला. दृष्टी अधू होत चाललेला बाबुली मेस्त्री हा वृद्ध दशावतारी कलावंत आणि त्याने आता रंगमंच सोडावा म्हणून त्याच्या मागे लागलेला मुलगा माधव, यांच्यातील माया पूर्वार्धात इतक्या जिव्हाळ्याने उभी राहते की पुढे येणारा सूड परका वाटावा, हे स्वाभाविक आहे. पहिल्यांदा पाहताना माझेही तसेच झाले. दुसऱ्यांदा पाहिल्यावर माझे मत बदलले आणि ते ज्या कारणाने बदलले, ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार.

जत्रेच्या रात्री आपण काय पाहतो? आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, होतो, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, ब्रह्मदेव येतो, मग संकासुर हा राक्षस आपल्या मालवणी बोलीने सगळ्यांना पोट धरून हसवतो आणि विष्णूच्या हातून मारला जातो. त्यानंतर आख्यान लागते आणि त्यात राजपार्टाची ऐट, स्त्रीपार्टाचा विलाप, राक्षसाशी होणारे युद्ध आणि हार्मोनियमवरची पदे हे सारे पहाट होईपर्यंत एकाच मांडावर, म्हणजे खेळाच्या जागेवर, सुखाने नांदते. हसू, भक्ती आणि वध एका रात्रीत मावतात, याचे तिथे बसलेल्या कोणालाही नवल वाटत नाही. बाबुली उत्तरार्धात अवतारांची सोंगे घेऊन उभा राहतो, तेव्हा चित्रपट आपल्या आईच्याच घरी परततो, असे मला आता वाटते.

माझी तक्रार वेगळी आहे. दशावतारात लिहिलेली संहिता हाती नसते, संवाद उत्स्फूर्त असतात, त्यामुळे राक्षसाची भूमिका करणाऱ्या नटालाही पुराणे मुखोद्गत असावी लागतात. तो देवाशी वाद घालतो, आपली बाजू ठासून मांडतो आणि मगच मरतो. चित्रपटातील दुष्ट माणसांना अशी बाजूच दिलेली नाही. त्यांच्या तोंडी दोन पटणारी वाक्ये असती, तर बाबुलीचा संताप आणखी मोठा झाला असता.

बाबुलीची भूमिका करणाऱ्या दिलीप प्रभावळकरांविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. चित्रपट आला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. काही वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याकडच्या एका जत्रेत मी देवळाच्या मागच्या बाजूला उभा होतो. पेटाऱ्यावर बसलेला एक कलावंत एका हातात लहानसा आरसा धरून दुसऱ्या हाताने भुवई कोरत होता. बाहेर मृदंग सुरू झाला, तसा त्याने आरसा मांडीवर पालथा ठेवला, पेटाऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि क्षणभर डोळे मिटले. बाबुलीला पाहताना तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा मला पुनःपुन्हा आठवत होता.

प्रश्न : ‘जारण’ पाहिला. भीती वाटली, पण हे खरोखर करणीचे प्रकरण आहे की मनाचा आजार, हे शेवटपर्यंत ठरवता येईना. अशा चित्रपटांमुळे अंधश्रद्धा वाढत नाही का? माझ्या बारा वर्षांच्या मुलीला तो दाखवावा का? (एक वाचिका, इस्लामपूर)

उत्तर : आपल्याला ठरवता आले नाही, यातच दिग्दर्शक ऋषिकेश गुप्ते यांचे यश आहे. ते स्वतः भयकथा लिहिणारे लेखक आहेत आणि भयकथेची खरी जागा दाराच्या उंबऱ्यावर असते, हे त्यांना पक्के माहीत आहे. दार पूर्ण उघडले की भूत दिसते आणि भीती संपते. दार पूर्ण बंद केले की डॉक्टरांचा अहवाल उरतो. ६ जून २०२५ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट बराच वेळ त्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसतो. अमृता सुभाष यांनी साकारलेली राधा एका क्षणी पछाडलेली वाटते आणि दुसऱ्याच क्षणी आजारी वाटते, आणि दोन्ही वेळा तिच्याबद्दल दयाच वाटते. अनिता दाते यांची गंगुटी पडद्यावर फार बोलत नसतानाही मनातून जात नाही. दचकवण्यासाठी एकाएकी वाढवलेला आवाज मला दोन-तीन ठिकाणी अनावश्यक वाटला. एवढ्या ताकदीच्या नटांना त्या कुबड्यांची गरज नव्हती.

अंधश्रद्धेविषयीची आपली काळजी मला रास्त वाटते. जादूटोणाविरोधी कायदा करण्यासाठी महाराष्ट्राला २०१३ पर्यंत थांबावे लागले आणि त्यासाठी किती किंमत मोजावी लागली, हे आपण सर्व जाणतो. या कसोटीवर मी भयपटाला एकच प्रश्न विचारतो : दुःखी माणसाला तो मांत्रिकाकडे पाठवतो का? ‘जारण’ पाहून बाहेर पडताना मला तरी राधेला कोणीतरी वेळेवर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवे होते, हीच हुरहुर लागून राहिली होती.

मुलीला मात्र आताच दाखवू नये, असे माझे मत आहे. नोव्हेंबर २०२४ पासून सेन्सॉर मंडळ यूए (पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या चित्रपटांच्या) प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे नमूद करते. तिकीट काढण्यापूर्वी तो आकडा पाहण्याची सवय प्रत्येक पालकाने लावून घ्यावी, कारण पोस्टरवरून चित्रपटाचा दाहकपणा कळत नाही.

प्रश्न : घरात आजीपासून शाळकरी नातवापर्यंत सगळे एकत्र बसून हसू शकतील, असा या वर्षीचा एक चित्रपट सुचवा. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : १ मे रोजी दोन चित्रपट एकाच दिवशी आले : सचिन गोस्वामी यांचा ‘गुलकंद’ आणि शिवराज वायचळ यांचा ‘आता थांबायचं नाय’. ‘गुलकंद’मध्ये हशा अधिक आहे आणि समीर चौघुले यांची वेळ साधण्याची हातोटी वाखाणण्यासारखी आहे, पण संसारात मुरलेल्या माणसांना त्यातील गंमत जास्त कळेल. आपल्या घरासाठी मी दुसरा निवडीन. मुंबई महानगरपालिकेच्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांनी रात्रशाळेत जाऊन दहावीची परीक्षा दिली, या सत्य घटनेवर तो आधारलेला आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांना आपण विनोदासाठी ओळखतो, इथे ते हसवता हसवता गळा दाटून आणतात. आजीला आणि नातवाला, दोघांनाही परीक्षेची भीती ठाऊक असते.

प्रश्न : ‘स्थळ’ आणि ‘सबर बोंडं’ हे दोन्ही चित्रपट मी केवळ परदेशी पुरस्कार मिळाले म्हणून पाहिले. दोन्हींत काही घडतच नाही. पुरस्कार मिळाला म्हणून चांगले म्हणायचे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. पुरस्कारामुळे कोणताही चित्रपट आवडून घेण्याची सक्ती नाही, आणि आपण हे स्पष्टपणे लिहिले, त्याबद्दल मला आपला आदर वाटतो. तरीही ‘काही घडत नाही’ हे मला मान्य नाही.

जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ आपल्याच विदर्भातला, चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा आहे आणि त्यात बहुतेक गावचीच माणसे आहेत. चित्रपट उघडतो तो एका उलट्या प्रसंगाने : बायका बसलेल्या आहेत आणि मुलगा दाखवायला आणला आहे. सभागृह हसते. मग सविताची पाळी येते आणि मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पुनःपुन्हा होतो. तीच बैठक, तेच पोहे, नाव, शिक्षण, उंची यांविषयीचे तेच प्रश्न. आपल्याला जो कंटाळा आला, तो सविताच्या वाट्याला आलेला कंटाळा आहे आणि दिग्दर्शकाने तो जाणीवपूर्वक आपल्या मांडीवर आणून ठेवला आहे. पहिल्या प्रसंगाला हसलेले सभागृह पुढच्या बैठकांत हळूहळू गप्प होत जाते. मी पाहिलेल्या खेळात माझ्या शेजारची एक मध्यमवयीन बाई दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीला पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळू लागली आणि दिवे लागेपर्यंत तिने ते सोडले नाही. एवढे घडलेले मला पुरते.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘सबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. वडील गेल्यानंतरच्या दहा दिवसांसाठी आनंद मुंबईहून गावी येतो. नातेवाइकांचे लग्नाविषयीचे प्रश्न एका बाजूला आणि बालमित्र बाळ्याची सोबत दुसऱ्या बाजूला, एवढीच गोष्ट. कॅमेरा एका जागी स्थिर राहून माणसांकडे बघत बसतो. दोन पुरुषांच्या प्रेमाविषयी इतक्या हळुवारपणे बोलणारा मराठी चित्रपट मी यापूर्वी पाहिलेला नाही, आणि आनंदच्या आईने मुलाला दिलेला आधार ही तर माझ्या मते या वर्षीची सर्वांत सुंदर गोष्ट आहे. मध्यावर काही प्रसंग लांबले आहेत, हे मात्र मी मान्य करतो.

मारामारीचा चित्रपट पाहताना आपण पुढे काय होईल याची वाट बघतो. अशा चित्रपटांत समोर जे आहे, त्यातच थांबावे लागते. दिवसभराच्या कामानंतर रात्री दहाच्या खेळाला ते जमत नाही, म्हणून हे दोन्ही चित्रपट सुट्टीच्या सकाळी, फोन बंद करून पुन्हा एकदा पाहावेत, अशी माझी विनंती आहे. तरीही आवडले नाहीत, तर मला अवश्य लिहावे.

प्रश्न : आमच्याकडे चांगला मराठी चित्रपट लागतो आणि आठवड्यात जातो. खेळ मिळतो तो सकाळी किंवा अपरात्री. प्रेक्षकाने नेमके करायचे काय? (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : १२ सप्टेंबर या एकाच शुक्रवारी ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी चित्रपट प्रदर्शित झाले. एक सूडकथा, एक तरुण प्रेमकथा आणि एक प्रौढ नात्यांची गोष्ट. तिन्ही जातकुळ्या भिन्न, पण पडदे आणि प्रेक्षकांचे खिसे तेच. निर्मात्यांनी आपापसांत बोलून तारखा ठरवल्या नाहीत, तर त्याचा भुर्दंड सर्वांत शांत चित्रपटाला बसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या हातात एवढे आहे : पहिल्या तीन दिवसांत जावे आणि तिकीट आधी काढून ठेवावे, कारण पुढच्या आठवड्यात किती खेळ ठेवायचे, हे शुक्रवार ते रविवारच्या गर्दीवरच मुख्यतः ठरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे सकाळचे खेळ आणि एकपडदा चित्रपटगृहे यांकडे पुन्हा वळायलाही हरकत नाही.

याच वर्षी एका मल्टिप्लेक्समध्ये मी मंगळवारी गेलो, तेव्हा दारावर आम्ही चारच प्रेक्षक होतो. पुरेसे लोक नाहीत म्हणून खेळ रद्द केल्याचे सांगून आमचे पैसे परत करण्यात आले. त्या चौघांत एक निवृत्त शिक्षक होते. ते दोन बसगाड्या बदलून आले होते आणि काही न बोलता चष्मा पुसत उभे होते. आम्ही चौघांनी तिथेच एकमेकांचे फोन क्रमांक घेतले, प्रत्येकाने आपल्या इमारतीत विचारले आणि शनिवारी सकाळच्या खेळाला एकोणीस जण होऊन गेलो.