गोवा विद्यापीठावरचा विकिपीडिया लेख पाच जणांनी मिळून कसा सुधारावा?

तुम्ही विचारलंय की गोवा विद्यापीठावरचा मराठी विकिपीडियातला लेख पाच जणांना मिळून सुधारायचा आहे, तर काम कसं वाटावं आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याकडून पुसलं तर जाणार नाही ना.

पुसलं गेलं तरी कायमचं जात नाही. ‘इतिहास’ टॅबमध्ये प्रत्येक आवृत्ती राहते, तिथून परत आणता येते. खरी अडचण कामाच्या वाटणीत होते. ‘तू इतिहास लिही, मी विद्यापीठातले विभाग लिहितो, ती ग्रंथालय बघेल’ असं ठरलं की पाचही जण विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर जातात आणि तिथलाच मजकूर शब्द फिरवून आणतात. म्हणून माझं मत: लेखाचे विभाग वाटू नका, संदर्भ वाटून घ्या. एकाने कायदा आणि राजपत्र धरावं. दुसऱ्याने पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून १९८४-८५ची मराठी वर्तमानपत्रं चाळावीत. तिसऱ्याने कोंकणी विश्वकोश घ्यावा. तो विद्यापीठानेच काढला आणि २०१३ साली मुक्त परवान्याखाली खुला केला, त्यामुळे त्यातला मजकूर श्रेय देऊन मराठीत उतरवता येतो. चौथ्याने फोटो, पाचव्याने माहितीचौकट (लेखाच्या बाजूचा थोडक्यात माहितीचा तक्ता), वर्ग (लेखाच्या तळाशी दिसणारे विषयगट) आणि शुद्धलेखन. ज्याला ज्या संदर्भात जे सापडेल ते त्याने लेखात योग्य जागी घालावं.

पहिला वाद बहुधा स्थापनेच्या सालावरून होईल. कायदा १९८४चा, कामकाज सुरू झालं १ जून १९८५ला. त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, आणि गोव्यातली पहिली कला-विज्ञान महाविद्यालयं १९६२ची, तीही मुंबईला जोडलेली. तिन्ही सालं खरी, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा. माहितीचौकटीत कुठलं साल टाकायचं ते आधी लेखाच्या चर्चापानावर ठरवा आणि बाकीची दोन ‘इतिहास’ विभागात सांगा. न ठरवता एकाने बदलायचं, दुसऱ्याने उलटवायचं असं चाललं तर प्रचालक (जास्त अधिकार असलेले सदस्य) पान सुरक्षित करून, म्हणजे संपादनाला बंद करून ठेवतात आणि तुमचं सगळ्यांचंच काम अडतं.

त्याच सालांमुळे माजी विद्यार्थ्यांची यादी चुकते. १९७५ साली पणजी किंवा मडगावच्या कॉलेजातून बी.ए. झालेल्या माणसाची पदवी मुंबई विद्यापीठाची असते. तो कितीही नावाजलेला असो, या यादीत बसत नाही. ज्याच्यावर स्वतंत्र लेख आहे आणि पदवीला बाहेरचा संदर्भ आहे, तेवढीच नावं ठेवा. नाहीतर चतुर्थीच्या सुट्टीत घरचा प्रत्येक भाचा त्यात येऊन बसतो.

भाषेचं एक उदाहरण देतो. ‘निसर्गरम्य पठारावर वसलेले, गुणवत्तेचा ध्यास घेतलेले अग्रगण्य विद्यापीठ’ हे माहितीपत्रक झालं. त्याऐवजी: ‘गोवा विद्यापीठ हे ताळगाव पठारावरील राज्य विद्यापीठ आहे. गोव्याचे राज्यपाल त्याचे कुलपती असतात.’ विशेषण काढल्यावर वाक्यात काहीच उरलं नाही, तर ते वाक्यच काढा. शुल्क, प्रवेशाच्या तारखा, परीक्षेचं वेळापत्रक हेही नको. पुढच्या वर्षी ते दुरुस्त करायला कोणी येत नाही. तुमच्यापैकी कोणी विद्यापीठात नोकरीला असेल तर सदस्यपानावर तसं लिहावं आणि मोठे बदल आधी चर्चापानावर सुचवावेत.

प्रत्यक्ष काम करताना प्रत्येकाचं स्वतंत्र खातं हवं; एक खातं दोघांनी वापरणं नियमात बसत नाही. सगळे एका वायफायवर बसणार असाल तर खाती आदल्या दिवशी घरूनच उघडून या, कारण एका आयपीवरून (एकाच इंटरनेट जोडणीवरून) दिवसाला सहाच्या आसपास खाती झाली की पुढची नोंदणी अडते. कच्चा मजकूर आपापल्या धूळपाटीवर (खात्याला जोडलेल्या सरावाच्या पानावर) लिहा. लेखात आणताना पूर्ण पान न उघडता त्या विभागाचंच ‘संपादन’ दाबा, दोन-तीन परिच्छेदांनंतर जतन करा आणि सारांशात काय केलं ते लिहा. तासभर पान उघडं ठेवून शेवटी जतन केलं की मध्ये दुसऱ्याने त्याच ओळींत केलेल्या बदलाशी टक्कर होते. तेव्हा घाईत जुनाच मजकूर वर चिकटवू नका, दोन्ही आवृत्त्या जुळवा. सलग दोन-तीन तास बसायचंच असेल तर वर ‘कामचालू’ साचा (काम चालू असल्याची सूचना) लावा, उठताना काढा. चर्चापानावर शेवटी चार टिल्ड (~~~~) टाका, सही आपोआप उमटते.

फोटो स्वतः काढलेलेच कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त फोटोंच्या साठ्यावर) चढवा. सतीश गुजराल यांनी आराखडा केलेल्या इमारतींचे बाहेरून काढलेले फोटो चालतात, भारतीय कायद्यात वास्तूंना तशी सूट आहे. भिंतीवरच्या चित्राला ती नाही. संकेतस्थळावरून उचललेलं बोधचिन्ह कॉमन्सवरून उडवलं जातं, त्यावर वेळ घालवू नका.

लेख ‘पूर्ण’ झाल्यावरही पाचही जणांनी पानावर पहारा लावून ठेवा, म्हणजे पान बदललं की कळतं. कुलगुरू बदलले की माहितीचौकटीतलं नाव कोणीतरी बदलतं, पण प्रस्तावनेतलं जुनंच राहतं. ती दुसरी जागा बघायची कोणी, ते आजच ठरवा.