'लूज' एक, शब्द दोन

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांच्या मुलीच्या मैत्रिणीची सीएची परीक्षा गेली. तिला धीर द्यायला त्यांनी इंग्रजीत चार ओळी पाठवल्या, शेवटी 'डोन्ट लूज होप' असं लिहिलं आणि त्या 'लूज'मध्ये दोन ओ घातले. मुलीनं ते वाचलं आणि म्हणाली, "बाबा, असलं दिसलं की डोक्यात तिडीक जाते." त्यांचं म्हणणं असं: "मराठीत बोलताना मी दोन्हींना लूजच म्हणतो. एका ओनं एवढं काय बिघडलं? आणि अशा चुकांचा लोकांना इतका राग का येतो?"

तुमची मुलगी बरोबर आहे. पण तुमची चूक निष्काळजीपणाची नाही. ती ज्या वाटेनं आली ती वाट नीट पाहिली, तर पुन्हा होणारही नाही.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. एल-ओ-ओ-एस-ई म्हणजे सैल, सुटं. त्याचा इंग्रजी उच्चार 'लूस', शेवटी स्वच्छ स. एल-ओ-एस-ई म्हणजे गमावणं, हरणं, हरवणं. त्याचा उच्चार 'लूझ'. इंग्रज माणसाच्या तोंडी हे दोन शब्द कधीच एक होत नाहीत. आपल्या तोंडी ते एक झाले, कारण मराठीनं पहिला शब्द घेतानाच त्याच्या स चा ज केला. किराणा दुकानात लूज तेल मिळतं, नट लूज होतो, पोट बिघडलं की लूज मोशन. 'लूस' असं कुणी म्हणत नाही. हे फक्त याच शब्दाचं झालं असंही नाही. 'क्लोज फ्रेंड' म्हणताना आपण ज म्हणतो, इंग्रज तिथे 'क्लोस' म्हणतो. 'त्याचा काय यूज?' यातही आपला ज, त्याचा स.

इंग्रजीत मात्र या स-झ च्या जोडीला काम असतं. नाम किंवा विशेषण असेल तर स, क्रियापद असेल तर झ. जवळचा म्हणजे 'क्लोस', बंद करणे म्हणजे 'क्लोझ'. उपयोग म्हणजे 'यूस', वापरणे म्हणजे 'यूझ'. घर 'हाउस', घरात सामावून घेणे 'हाउझ'. सल्ला 'ॲडव्हाइस', सल्ला देणे 'ॲडव्हाइझ'. फ आणि व्ह ची जोडीही अशीच चालते: 'बिलीफ' आणि 'बिलीव्ह', 'हाफ' आणि 'हाव्ह'. जुन्या इंग्रजीत क्रियापदाला शेवटी आणखी एक स्वर असायचा. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला स मऊ होऊन झ व्हायचा. पुढे तो शेवटचा स्वर गळून पडला, झ मात्र राहिला. आपल्या कानाला ही जोडी ऐकायची सवय नाही, म्हणून 'लूस' आणि 'लूझ' यांतला फरकही निसटतो.

ही झाली कानाची बाजू. डोळ्यांची बाजू आणखी अवघड आहे.

काही वर्षं मी रात्रशाळेत इंग्रजी शिकवत होतो. एकदा फळ्यावर एकाखाली एक शब्द लिहिले: नोज, रोज, होज, पोज, आणि शेवटी एल-ओ-एस-ई. वाचा म्हटलं. सगळ्या वर्गानं एका सुरात शेवटचा शब्द 'लोज' असा वाचला. त्यात त्यांचं काय चुकलं? वरच्या चारही शब्दांत एका ओचा उच्चार 'ओ' आणि पाचव्यात अचानक 'ऊ'. मग शेजारी 'चूज' लिहिलं, निवडणे या अर्थाचं. त्याला दोन ओ, आणि उच्चार 'चूझ', म्हणजे 'लूझ'शी यमक जुळणारा. 'लूझ'लाही दोन ओ असायला हवेत असं कुणालाही वाटावं, अशीच ही रचना आहे. दिवसा गॅरेजमध्ये काम करणारा एक विद्यार्थी पहिल्या बाकावर बसायचा. होज पाइप त्याच्या रोजच्या हातातला. तो फळ्याकडे बघत म्हणाला, "पण सर, नट लूज झाला की तो हरवतोच ना? मग शब्द दोन कशाला?"

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही, कारण नकळत तो शब्दांच्या मुळाशी पोचला होता. 'लूस' हा इंग्रजीत आला तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून, व्हायकिंग लोकांबरोबर. 'लूझ' हा जुना इंग्रजीच. पण दोघांचं मूळ एकच आहे: सुटणं, तुटणं, वेगळं होणं. 'होमलेस', 'सेन्सलेस' या शब्दांच्या शेवटी येणारा 'लेस' त्याच कुळातला (कमी या अर्थाचा 'लेस' मात्र वेगळा). ग्रीकमधून आलेल्या 'ॲनालिसिस'च्या पोटातही तेच मूळ आहे, कारण पृथक्करण म्हणजे सुटं करणंच. आणि आपल्या घरातला नातेवाईक म्हणजे संस्कृत 'लुनाति', कापतो. त्यावरून 'लवित्र', म्हणजे विळा. विळ्यानं कापलं की कणीस ताटापासून सुटतं. सुटलेलं जपलं नाही तर हरवतं. त्या मुलाचा नट आणि हे कणीस एकाच गोष्टीतले.

नातं असलं तरी आजचे अर्थ वेगळे आहेत आणि लिहिणंही वेगळं. त्यासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवा. 'लॉस' म्हणजे तोटा, 'लॉस्ट' म्हणजे हरवलेलं, 'लूझ' म्हणजे गमावणं. हे तिघं एका घरचे, आणि तिघांत ओ एकच. गमावण्याशी संबंध असेल तिथे दुसरा ओ येत नाही. 'लूस' या घरचा नाही, म्हणून त्याचे ओ दोन. तुमच्या संदेशात आशा गमावण्याचा विषय होता, म्हणून एक ओ हवा होता. दोन ओंनी त्याचा अर्थ 'आशा सैल सोडू नकोस' असा काहीसा होतो. त्या मुलीला तुमचं म्हणणं पोचलंच असणार.

मग राग का येतो? सराईत वाचक एकेक अक्षर जोडत वाचत नाही, अख्खा शब्द एका नजरेत ओळखून पुढे जातो. ओळखीच्या जागी परकं स्पेलिंग आलं की नजर थबकते, मागे जाते, अर्थ लावते आणि मग पुढे सरकते. भाताच्या घासात खडा यावा तसं होतं. खडा लहान असतो, पण कळ दाढेत जाते. 'आणि'च्या जागी 'आणी' किंवा 'की'च्या जागी 'कि' दिसल्यावर आपल्यातल्या कितीतरी जणांना अगदी हेच होतं. आणि 'आणी'च्या बाबतीतही कान डोळ्याला फसवतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार आपण दीर्घच उच्चारतो, नियमही तो दीर्घच लिहायला सांगतो, 'आणि' व 'नि' मात्र अपवाद म्हणून ऱ्हस्व ठेवले आहेत. लिहिणाऱ्यानं ऐकलं तसं लिहिलं आणि तो चुकला.

रागाचं आणखी एक कारण आपल्या समाजात आहे आणि ते मला सलतं. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर 'चालतं हो' म्हणून सोडून देतात. इंग्रजीत एक अक्षर चुकलं की माणसाचं शिक्षण, गाव, शाळेचं माध्यम सगळं काढलं जातं. चूक दाखवणं आणि माणसाला तोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुद्द इंग्रजीचं स्पेलिंग किती अपघातांतून घडलं आहे हे ज्याला माहीत आहे, तो असा तोल करणार नाही. कॅक्स्टन या इंग्लंडच्या पहिल्या मुद्रकानं 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि स्पेलिंगं हळूहळू थिजू लागली. पण त्याच काळात लोकांच्या तोंडचे दीर्घ स्वर पार बदलत होते. उच्चार पुढे गेले, अक्षरं मागे राहिली. 'डेट', म्हणजे कर्ज, या शब्दातला बी कुणीही कधी उच्चारला नव्हता. लॅटिन मुळात आहे म्हणून विद्वानांनी तो घुसवला. 'आयलंड'मधला एस तर सरळ चुकीचा आहे. तो अस्सल इंग्रजी शब्द, त्यात एस कधी नव्हताच. 'आइल' या फ्रेंचमधून आलेल्या शब्दाशी त्याचं नातं आहे अशा गैरसमजानं तो चिकटला, आणि आज तो न लिहिणारा चुकतो.

ज्यांची ती मातृभाषा, ते चुकत नाहीत असंही नाही. त्यांची चूक वेगळ्या जातीची असते एवढंच. इंग्लंड-अमेरिकेत लोकांना संताप आणणारी एक चूक म्हणजे 'कुड हॅव'च्या जागी 'कुड ऑफ' लिहिणं. भरभर बोलताना 'हॅव'चा नुसता 'अव्ह' उरतो, आणि 'ओ-एफ'चाही उच्चार 'अव्ह'च. लहानपणापासून कानानं भाषा शिकलेलं मूल ऐकतं तसं लिहितं. आपल्या मुलांकडून ही चूक सहसा होत नाही, कारण आपण तो शब्द पुस्तकातून शिकतो आणि 'हॅव' पूर्ण म्हणतो. आपली अडचण दुसरीच. 'ओ-एफ' आणि 'ओ-एफ-एफ' दोन्हींना आपण 'ऑफ' म्हणतो, म्हणून एकाच्या जागी दुसरा लिहून बसतो.

त्यांची दुसरी मोठी डोकेदुखी 'इट्स'मधला वरचा स्वल्पविराम. 'त्याचं' या अर्थी तो नको, 'ते आहे' या अर्थी हवा. नियम एका ओळीचा, तरी शिकलेली माणसं रोज चुकतात. त्यालाही कारण आहे. 'जॉन्स', 'टीचर्स' अशा रूपांत मालकी दाखवायला ते चिन्ह लागतं, मग 'इट्स'नं काय घोडं मारलं? गंमत अशी की पूर्वी ते तिथे लिहिलं जायचं. त्याआधी तर हे रूपच नव्हतं, निर्जीव वस्तूंनाही 'हिज' लावत. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये मिठानं आपली चव गमावली तर काय, असं वाक्य आहे. तिथे मिठाची चव 'हिज' आहे. पुढे 'इट्स' रूढ झालं ते बऱ्याचदा चिन्हासकट. शेक्सपिअरच्या नाटकांच्या 1623 च्या संग्रहातही ते तसं सापडतं. साधारण 1800 पर्यंत चिन्ह गळालं आणि आजचा नियम पक्का झाला. म्हणजे आजची चूक ही कालची रीत. या चिन्हाच्या योग्य वापरासाठी जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकारानं इंग्लंडमध्ये 2001 साली एक संस्था काढली होती. 2019 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी, त्यांनी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. इतकी वर्षं एका टिंबाएवढ्या चिन्हासाठी झटणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो.

आपल्या गावोगावच्या पाट्यांवर सर्वांत जास्त दिसणारी चूक मात्र 'स्टेशनरी'ची. वह्या-पेनांची ती शेवटून तिसऱ्या जागी ई असलेली, आणि जागेवर स्थिर या अर्थाची ए असलेली. पाटीवर बहुतेक ठिकाणी ए असतो. हेही दोघे सख्खे आहेत. मध्ययुगात विद्यापीठांच्या गावांत पुस्तकं विकणारे काही जण फिरत नसत, एका ठरलेल्या जागी ठाण मांडून बसत. जागेवरचा तो 'स्टेशनर'. लंडनमध्ये त्यांच्या संघाला 1557 मध्ये राजाज्ञेची सनद मिळाली. आपल्याकडे जत्रेत फिरून विकणारा आणि अप्पा बळवंत चौकात दुकान थाटलेला, असा तो फरक. 'स्टेशनर'मध्ये ई आहे, म्हणून त्याच्या मालातही ई. बेकर आणि बेकरी जसे.

शब्दांच्या वापराबद्दल थोडंच सांगतो. 'प्रीपोन' ऐकून नाक मुरडणारे भेटतात. माझ्या मते ती चूक नाही. 'पोस्टपोन' आहे, त्याच्या उलट क्रियेला एकच शब्द हवा होता, तो आपल्याकडे रुळला आणि ऑक्सफर्डच्या कोशातही आला. 'रिव्हर्ट'बद्दल मात्र जपा. आपल्या कचेऱ्यांत त्याचा अर्थ 'उत्तर देतो' असा झाला आहे, पण बाहेर अनेकांच्या लेखी तो 'पूर्वस्थितीला परत जाणं' आहे. झालेल्या बदलाविषयीच्या पत्रात तो शब्द घातला, तर वाचणाऱ्याला आपण बदल मागे घेतोय असं वाटू शकतं. जिथे अर्थाची अशी गल्लत होते, तिथे चिडणाऱ्यांच्या बाजूनं मी उभा राहीन.

राहिला प्रश्न मराठीत काय लिहायचं. दुकानातलं तेल, नट, कपडे यांसाठी 'लूज'च लिहा. तो आता आपला शब्द आहे, त्याला इंग्रजी स ची गरज नाही. गमावण्याचा 'लूझ' मराठीत फारसा शिरलेला नाही. अपवाद वजनाचा. 'वेट लूज करायचंय' असं सर्रास ऐकू येतं. विजेच्या खांबांवर वजन कमी करून देण्याच्या इंग्रजी जाहिराती चिकटवलेल्या असतात, त्यांत तर हटकून दोन ओ दिसतात, म्हणजे सैल वजन. पुढच्या वेळी अशी जाहिरात दिसली तर मुलीला दाखवा आणि कुठला ओ खोडायचा ते तुम्हीच तिला सांगा. मराठीत लिहायचं असेल तर 'वजन घटवणे' आहेच.