इजिप्तच्या सिदी केरीर या तेलबंदरात टँकर धक्क्याला न लागता भर समुद्रातच का भरतात?

कारण तिथे किनाऱ्याजवळ पाणी तेवढं खोल नाहीये, आणि भरलेल्या मोठ्या टँकरला २० मीटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणून अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेला समुद्रात मोठाले बोये (तरंगते पिंपासारखे ठोकळे) साखळ्यांनी तळाशी नांगरून ठेवलेत, टँकर नाकाने त्याला जाड दोरखंडाने बांधतात आणि मग तो दावणीच्या बैलासारखा वारा फिरेल तसा बोयाभोवती फिरत राहतो, तेल मात्र समुद्राखालच्या पाइपातून बोयात आणि तिथून तरंगत्या रबरी होजमधून जहाजात चालूच. धक्का बांधायचा खर्चच नाही.

आता तेल येतं कुठून? तर तांबड्या समुद्रावरच्या ऐन सुखनाहून, ३२० किमीच्या सुमेद पाइपलाइनने, १९७७ पासून. पूर्ण भरलेला व्हीएलसीसी (अजस्र तेलवाहू टँकर) सुएझमधून जात नाही ना, मग तो थोडं तेल ऐन सुखनाला उतरवतो, हलका होऊन कालवा पार करतो आणि इकडे येऊन परत भरतो! मला तरी हे भारी डोकं वाटतं. पाइपलाइनच्या कंपनीत निम्मा हिस्सा इजिप्तचा, बाकी सौदी, कुवेत, यूएई, कतारचा. समुद्र खवळला की मात्र लोडिंग बंद, गपचूप थांबायचं.