आजीची उधारीची वही प्रदर्शनात ठेवावी का?

प्रश्न : आमच्या परळच्या चाळीत दिवाळीनंतर दोन दिवसांचं छोटं संग्रहालय भरवतोय, विषय 'गिरणगावचं जेवण'. माझी आजी खानावळ चालवायची. तिची पातेली, पाटा-वरवंटा आणि हिशेबाची वही माझ्याकडे आहे. वहीत मेंबरांच्या, म्हणजे खानावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवणाऱ्या गिरणी कामगारांच्या, नावापुढे उधारी लिहिली आहे. मंडळातले म्हणतात, वही नको, लोकांना वाईट वाटेल. त्यापेक्षा वडापाव-मिसळीचे स्टॉल लावू. काय करावं?
— एक वाचक, परळ

उत्तर : वही ठेवाच. पातेली दहा घरांत मिळतील, अशी वही मिळणार नाही.

माझी आई डिलाईल रोडला एका खोलीत अठरा मेंबरांचं जेवण करायची. पहिल्या पाळीचे डबे गिरणीच्या भोंग्याच्या आत भरलेले हवेत, म्हणून साडेतीनला तिचा स्टोव्ह पेटायचा. भाकऱ्या, सुकटीचं कालवण, रविवारी मटण. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे रोजची एक उभी रेघ. माणूस गावाला गेला की 'खाडा'. खाड्याचे पैसे कापून द्यायचे, पण तांदूळ आणि रॉकेल तर आधीच भरलेलं असायचं. ती ओढाताण पातेल्यात दिसत नाही, वहीत दिसते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पगार थांबले, मेंबर हळूहळू गावाला निघून गेले. आईच्या वहीत मार्चपासून रेघा विरळ होतात आणि मे महिन्याचं पान कोरंच आहे. वाण्याची बाकी तिने बांगड्या गहाण ठेवून फेडली. मेंबरांबद्दल वाकडा शब्द मात्र मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. तुमच्याही वहीत असं शेवटचं पान असेल, तर तेच उघडून ठेवा.

नावांचं म्हणाल तर मंडळातल्यांची काळजी खरी आहे. नावांच्या रकान्यावर कोऱ्या कागदाची पट्टी नुसती ठेवा, चिकटवू नका. जुना कागद गोंदाने फाटतो. ज्यांची घरं अजून चाळीत आहेत, त्यांना आधी भेटून विचारा.

वहीशेजारी अन्नपूर्णा महिला मंडळाची माहिती लावा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये खानावळवाल्या बायकांना एकत्र आणलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजी त्यात होती का, घरात विचारून बघा.

वडापावचा एक स्टॉल असू दे, दादर स्टेशनबाहेरचा तो पदार्थ आपलाच आहे. पण मेंबर रोज जे जेवत, ती भाकरी आणि सुकट लोकांच्या हातात पडली पाहिजे. चाळीतल्या बायकांकडून करून घेणार असाल तर त्यांना मजुरी द्या, फुकट राबवू नका.

आणि पातेली चिंचेने घासून लखलखीत करू नका. बुडाची काजळी तशीच राहू द्या.