पाय ओळंब्यात की मूळच्या बाकात?

तुमच्या आईंचा गुडघा बदलायचाय, आणि त्याला ११ अंश बाक आहे. एक सर्जन पाय एकदम सरळ करू म्हणतात, दुसरे रोबोने करून थोडा बाक ठेवू म्हणतात. ऐकायचं कोणाचं, हा तुमचा प्रश्न. मी २२ वर्षं गुडघे बसवतोय, दोन्ही पद्धतींनी.

आधी रोबो बाजूला ठेवा. ते हत्यार आहे. किती अंशात कापायचं ते माणूसच ठरवतो, आणि रोबोने जुन्या पद्धतीचा गुडघाही बसवता येतो.

जुनी पद्धत म्हणजे मेकॅनिकल अलाइनमेंट. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत दोरी धरली तर ती गुडघ्याच्या मधोमध जायला हवी. त्यासाठी नडगीचं हाड काटकोनात कापतात. पण निसर्गाने तिथे काटकोन दिलेलाच नाही, बहुतेकांचा सांधा साधारण ३ अंश आत कललेला असतो. मग आतलं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, घट्ट राहतं, ते सैल करत बसावं लागतं. शिकत होतो तेव्हा हे सैल करणं हीच खरी कला वाटायची!

मूळचा बाक ठेवणाऱ्या कायनेमॅटिक पद्धतीत उलटं. झिजलेल्या कूर्चेचा हिशेब धरून, बसवायच्या कृत्रिम भागाची जाडी जेवढी तेवढंच हाड काढायचं आणि लिगामेंटला शक्यतो हात लावायचा नाही. अमेरिकेत स्टीफन हॉवेल यांनी २००६ पासून हे सुरू केलं. पुढे २०१२ मध्ये बेल्जियमच्या बेलमन्स यांनी २० ते २७ वयाच्या २५० निरोगी तरुणांचे पाय मोजले. ३२ टक्के पुरुषांत आणि १७ टक्के स्त्रियांत ३ अंश किंवा जास्त बाक जन्माचाच निघाला. अशांचा पाय ओळंब्यात आणला की तो त्यांना 'आपला' वाटत नाही, हे ओपीडीत मीही ऐकलंय.

म्हणून सगळा बाक ठेवायचा का? नाही. नडगीवरचा कृत्रिम भाग फार तिरपा बसला तर आतल्या बाजूवर भार येऊन तो सैल होण्याची भीती असते. त्यामुळे मी ठरावीक मर्यादेतच बाक ठेवतो.

आईंच्या ११ अंशांपैकी मूळचे किती आणि झिजेचे किती, हे दोघांनाही विचारा. उभं राहून काढलेल्या स्कॅनोग्राममध्ये, म्हणजे खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या एक्स-रेमध्ये, हाडांच्या कोनांवरून अंदाज येतो. तिशीतला उभा फोटोही चालतो, पण साडीत काही दिसत नाही ही अडचण. मूळचे ३-४ निघाले तर मी २-३ ठेवीन. तरुणपणी पाय सरळच असतील, तर पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं.