बास्केटबॉलपटू केव्हिन गार्नेटची उमेदीची वर्षं मिनेसोटात कमकुवत साथीदारांमुळे वाया गेली का?

बरीचशी गेली, हो. पण मी साथीदारांना नाही, संघ चालवणाऱ्यांना दोष देईन.

गार्नेट 1995 साली शाळेतून थेट एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, आला आणि 12 हंगाम मिनेसोटाच्या टिंबरवुल्व्हज संघाकडून खेळला. 1997 ते 2003 अशी सलग सात वर्षं संघ प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत गारद झाला. त्याचा महत्त्वाचा साथीदार मारबरी 1999 मध्ये सोडून गेला. मग संघाने जो स्मिथ या खेळाडूशी केलेला छुपा करार उघड झाला, लीगने दंड ठोकला आणि ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीतले हक्क काढून घेतले. नवी पोरं येणार कुठून?

साथ मिळाली की काय होतं, ते 2004 मध्ये दिसलं. कॅसेल आणि स्प्रीवेल हे कसलेले खेळाडू आले, संघाने 58 सामने जिंकले, गार्नेट एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, ठरला. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीतला सॅक्रामेंटोविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना नक्की बघा. त्या दिवशी त्याचा 28वा वाढदिवस होता. 32 गुण, 21 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू), 5 ब्लॉक (अडवलेल्या फेकी)! पुढच्या फेरीत कॅसेल दुखापतीने बेजार झाला आणि लॉस एंजेलिसच्या लेकर्सने सहा सामन्यांत संपवलं. त्यानंतर तीन वर्षं प्लेऑफही नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त जीव तुटतो तो या तीन वर्षांसाठी.

2007 मध्ये तो बोस्टनला गेला. शेजारी पीअर्स आणि रे ॲलन हे दोन तारे. पहिल्याच हंगामात विजेतेपद, तेही लेकर्सना हरवून. तेव्हा तो 32 वर्षांचा होता.